दोनशे चौदा नंबरच्या दोन खुणा

आमच्या तोल्मिन गावच्या गुहा-मंडळात एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: गुहेतलं प्रत्येक माप एकाच फाइलमध्ये लिहायचं. या खुणेपासून त्या खुणेपर्यंत किती मीटर, कोणती दिशा, किती उतार. खुणेला एक ओळ. फाइल सांभाळते मी, तिल्का, आणि सगळ्यांची बोलणीही मीच खाते.

त्या शनिवारी फाइल दोनशे तेरावर संपलेली. आमच्यातला इझ्तोक डावीकडच्या बिळात सरपटत गेला, दारिंका उजवीकडच्या, विहिरीसारख्या उभ्या खड्ड्यात दोरावरून उतरली. आणि दोघांनीही, एकमेकांना न विचारता, नव्या खुणा दोनशे चौदापासून मोजल्या. अशी माती आमचेच लोक खाणार!

सोमवारी माझ्या पडद्यावर लालच लाल. फाइली जुळवायचा प्रोग्रॅम उघडला: मध्ये जुनी फाइल, डावीकडे इझ्तोकच्या ओळी, उजवीकडे दारिंकाच्या. यातली कोणती बाजू ठेवू, असं तो विचारत होता.

"माझी ठेव," इझ्तोक कॉफी ढवळत म्हणाला. "तिचं ते पांढरं दालन! म्हणे छतच दिसत नाही. फेकतेय नुसती."

दारिंका खिडकीशी बसली होती. ती वर आली आणि दुसऱ्याच दिवशी विहिरीत दरड कोसळली. वाट कायमची बंद. कॅमेरा पाण्यात गेलेला. तिच्या सेहेचाळीस ओळी, एवढाच काय तो पुरावा. मी 'डावी' निवडली की दालन जगातून गेलं.

"पुन्हा मोज म्हणावं तिला," इझ्तोक म्हणाला.

"दरडीखालून? तू जातोस?" मी भडकलेच. "गप्प बस जरा!"

मी डावीही घेतली आणि उजवीही. दारिंकाच्या खुणांना पाचशेपासून नवे आकडे दिले, एकेक ओळ हाताने. ती माझ्यामागे उभी राहून चिखलाने माखलेल्या वहीतून वाचत होती. मग मी प्रोग्रॅमला नकाशा काढायला सांगितला.

दोन रेघा निघाल्या, लांब गेल्या, आणि हळूहळू एकमेकींकडे वळल्या. टोकांमधलं अंतर: दोन मीटर. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. शनिवारी दुपारी ही दोघं एकाच भिंतीला दोन्हीकडून पाठ टेकून पाव खात होती, आणि एकमेकांचा पत्ता नाही!

"तिल्के, आकडे चुकले नाहीत ना?" इझ्तोकने हळूच विचारलं.

"तीनदा तपासलेत."

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं त्याच्या बिळात शिरलो. टोकाला चिखल आणि दगड. चार तास खणलं. अचानक गार वारा तोंडावर आला. इझ्तोकने भोकातून दिवा धरला, डोकं घातलं आणि तसाच राहिला.

"अरे, बोल की काहीतरी!"

त्याला मागे ओढून मी पाहिलं. आई गं! दुधासारखे पांढरे खांब, एकामागे एक, आणि दिव्याचा उजेड ना छताला पोचत होता ना पलीकडे. डोळे भरून आले. भोकाच्या पलीकडच्या कडेलाच खडकावर नखपॉलिशचा लाल ठिपका होता, दारिंकाची शेवटची खूण.

वाट द्यायला इझ्तोक चिखलात भिंतीला चिकटून आडवा झाला.

"दारिंका, आधी तू जा," तो म्हणाला. "मी चुकलो गं."

ती आमच्या अंगावरून सरपटत पलीकडे गेली, आणि बराच वेळ तिच्या रडण्याचाच आवाज येत राहिला.