एका डब्यात दोघींच्या गोळ्या

मित्रांनो, माझ्याकडे पाहून आता कुणाला बिस्किटं आठवणार नाहीत. झाकणावरचं चित्र केव्हाच खरवडलं गेलं, कडांना गंज चढला, आणि मला बंद करायचं तर तळहाताने ठोकावं लागतं. पण मी बिस्किटांचाच डबा, जुना, पत्र्याचा. तेमा बंदराजवळच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि एका नाताळात मी कुमासी शहरात सेरवाच्या घरी आलो. बिस्किटं लगेच संपली. सेरवाने मला तिच्या शिवणाच्या दुकानात नेलं आणि माझ्यात बटणं, हुक, टाचण्या भरल्या.

ती वर्षं चांगली गेली. "तुझ्या त्या डब्यात सगळं सापडतं बाई," असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं की मला अंगावर नवा रंग चढल्यासारखं वाटायचं.

मग सेरवाची बोटं सुजायला लागली. सकाळी तिला कात्री धरवेना. मला उघडायचं तर ती मला पोटाशी घेऊन कोपराने झाकण ढकलायची. गालांवर लाल चट्टे उठले, उन्हात गेली की ते आणखी भडकत. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. मोठ्या इस्पितळात मात्र आजाराचं नाव कळलं: ल्युपस. शरीराची राखण करणारी ताकदच घरच्या माणसांना चोर समजून झोडपते, असा हा आजार. आणि थकवा तर असा, की बघणारा डबाही थकून जावा.

इस्पितळाच्या रांगेत तिला पोकुआ भेटली. वयाने मोठी, रस्त्याकडेला मक्याची लापशी विकणारी.

"उन्हात बसू नका म्हणतात," पोकुआ म्हणाली. "मग लापशी काय चंद्रावर विकू?"

त्या दिवसापासून सेरवा तिला आंटी म्हणू लागली.

त्या इस्पितळात ल्युपसवरच्या एका नव्या गोळीचा अभ्यास चालला होता. दोघींनी नावं दिली. नेहमीचं औषध चालूच राहायचं. त्याच्या जोडीला काहींना खरी नवी गोळी मिळायची, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. सिस्टर बेनेडिक्टाने सगळ्यांना बसवून समजावलं होतं, "कुणाला काय मिळालं ते तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही आणि डॉक्टरांनाही नाही. जिची बाटली तिनेच घ्यायची."

"म्हणजे देवाला ठाऊक आणि गोळी बनवणाऱ्याला," पोकुआ म्हणाली.

"आणि त्या दोघांपैकी आज कुणीही ड्युटीवर नाही, आंटी. घ्या बाटली," सिस्टर म्हणाली.

काही महिन्यांत सेरवाची बोटं उतरली. तिने चक्क एका नवरीचा झगा शिवला. पोकुआ होती तशीच राहिली. थकलेली, सांधे धरलेले.

रविवारी दोघी सेरवाच्या अंगणात एकाच वाडग्यात फुफू, म्हणजे कंद कुटून केलेला मऊ गोळा, मासळीच्या रश्शात बुडवून जेवायच्या. तिथली रीतच तशी. एका वाडग्यात हात घातला की मासळीचा मोठा तुकडा कुणी आपल्याकडे ओढत नाही, समोरच्याकडे सरकवतं. त्या रविवारी सेरवाचा हात मध्येच थांबला.

"आंटी, खरी गोळी मला मिळाली आहे. तुम्हाला नुसतं पीठ दिलंय."

"मिळाली तर खा ना. मी काय मागतेय?"

"फुफू-मासळी एकत्र खायची आणि औषध एकटीने गिळायचं? मला नाही जमत ते."

"सिस्टर रागावेल गं."

"सिस्टरला कोण सांगतंय?"

तिने बटणं ओतून मला पुसलं. पोकुआच्या पिशवीतली आणि स्वतःची, अशा दोन्ही बाटल्या माझ्यात रिकाम्या केल्या आणि मला खळखळा हलवलं. मित्रांनो, त्या गोळ्या रंगाने एक, वजनाने एक, वासानेही एक. कुठली खरी ते मलाही कळलं नाही. त्यांतल्या निम्म्या पोकुआच्या बाटलीत गेल्या, निम्म्या सेरवाच्या. दर वेळी नव्या बाटल्या मिळाल्या की हेच. मला वाटायचं, बटणांपेक्षा किती मोठं काम करतोय मी.

पण काही महिन्यांनी पोकुआचे पाय सुजले. मग चेहरा. लघवीला फेस येऊ लागला. तिला वॉर्डात ठेवलं तेव्हा सेरवा शेजारी बसली होती आणि नुकत्याच मिसळलेल्या गोळ्या पोटात घेऊन मी तिच्या पिशवीत होतो. आजार मूत्रपिंडांपर्यंत पोचला होता. सिस्टरने विचारलं, "आंटी, गोळ्या सगळ्या घेतल्यात ना? तुमची स्वतःची?"

"घेतल्या," पोकुआ म्हणाली.

सिस्टर वळली. खरं सांगितलं तर दोघींचं नाव अभ्यासातून जाणार, सेरवाची बोटं पुन्हा आखडणार. सांगितलं नाही तर डॉक्टर चुकीच्या समजुतीवर उपचार ठरवणार. सेरवाने मला बाहेर काढलं, झाकण उघडून गोळ्या सिस्टरपुढे धरल्या आणि म्हणाली, "आम्ही दोघींच्या मिसळून वाटून घेतो."

सिस्टर ओरडली नाही. खुर्ची ओढून बसली आणि कपाळ चोळत सगळं विचारून घेतलं. मग डॉक्टरांना बोलावलं. जिवाचा प्रश्न होता, म्हणून कुणाला काय दिलं होतं ते गुपित दोघींपुरतं उघडण्यात आलं.

खरी गोळी पोकुआच्या बाटलीत होती.

"पण मी बरी झाले होते," सेरवा म्हणाली.

"हा आजार आपणहून ओसरतो, आपणहून उसळतो," सिस्टर म्हणाली. "म्हणून तर असा अभ्यास करावा लागतो. आंटींना बरं वाटत नसेल, पण आतून आजार कदाचित ती गोळीच थोपवत होती. नक्की नाही सांगता येणार. तुम्ही आंटींचं निम्मं औषध काढून घेतलंत."

पोकुआने सुजलेला हात सेरवाच्या मांडीवर ठेवला. "मोठी दानशूर. माझंच खाल्लंस आणि मलाच वाढलंस."

पोकुआला आता जोराची औषधं देतात. सूज उतरते, पुन्हा येते. मूत्रपिंडं किती वाचतील, कुणी ठामपणे बोलत नाही. अभ्यासातल्या गोळ्या दोघींच्या बंद झाल्या. नेहमीची औषधं आणि तपासण्या चालू आहेत. मी रिकामा आहे. सेरवा माझ्यात काही ठेवत नाही, मला टाकूनही देत नाही.

मित्रांनो, मी दमलोय, म्हणून थोडक्यात सांगतो. औषध म्हणजे जेवण नव्हे. ते एकेकाच्या अंगासाठी ठरवलेलं असतं. काही चुकलं तर सिस्टरला लगेच सांगा, ती थकलेली दिसली तरी सांगा. आणि कुणी मायेने आपली गोळी तुमच्यापुढे धरली, तर तिचा हात हातात घ्या. गोळी घेऊ नका.