अनवाणी नुसरेत

तुर्कस्तानातल्या एर्झुरुमच्या थंडीत घरात अनवाणी फिरणारा माणूस एकच, नुसरेतबे. तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये ते नुसत्या बनियनवर चहा प्यायचे आणि पाहुण्यांना फरशीला हात लावून बघायला सांगायचे. भिंतीवरचा त्यांचा कॉम्बी, म्हणजे फक्त त्यांच्या घरापुरता पाणी तापवून रेडिएटरमध्ये फिरवणारा गॅसचा डबा, तीन हिवाळे बंद होता. खालच्या मजल्यावर बेहियेबाईंचा कॉम्बी दिवसरात्र चालायचा आणि ऊब काही जिना विचारून चढत नाही. याला चोरी म्हणतात हे नुसरेतबेंना पटत नव्हतं. ते तिला भूगोल म्हणत, कारण तीस वर्षं त्यांनी शाळेत तोच शिकवला होता.

त्या मंगळवारी सकाळी पलंगावरून पाय खाली टाकले आणि ते किंचाळलेच. फरशी बर्फ झाली होती. तीही नेमकी आजच. चार वाजता लेक नेस्लिहान बाळाला घेऊन यायची होती. बाळाला घराबाहेर न काढण्याचे चाळीस दिवस कालच भरले होते आणि चाळिसाव्यानंतरचं पहिलं घर आजोबांचं, असं तिने सासूशी वाद घालून ठरवलं होतं. फोनवर तिने बजावलंही होतं, "बाबा, घर गार असेल तर मी दारातूनच परत जाईन. सासूबाई माझी चूक काढायची वाटच बघतायत."

खालच्या म्हातारीने मुद्दाम कॉम्बी बंद केला, नुसरेतबेंची खात्रीच पटली. दोन महिन्यांपूर्वी जिन्यातल्या तिच्या चपलांच्या मांडणीला अडखळून ते पडले होते. रागाच्या भरात त्यांनी ती मांडणी उचलून तळघरात टाकली, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं बंद होतं. दोन जोड मोजे चढवून ते तणतणत दाराबाहेर पडले. जिन्यातच वरच्या मजल्यावरचा फेरहात भेटला, अंगात कोट, डोक्यात कानटोपी.

"सर, तुम्ही कॉम्बी बंद केलात की काय? आमची फरशी रात्रीपासून गारठलीय."

"आणि तुझा कॉम्बी?"

फेरहातने टोपी कानांवर ओढली आणि कामाला उशीर होतोय म्हणत सटकला. नुसरेतबेंना त्याची मनापासून किळस आली. लोकांच्या जिवावर जगायचं म्हणजे काय!

बेहियेबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगावर नवऱ्याचा जुना ओव्हरकोट होता, त्यावर दोन शाली. ओठ निळे पडलेले. नुसरेतबेंनी भांडणाचं पहिलं वाक्य जिन्यात घोकून ठेवलं होतं, ते सोडून त्यांनी आधी काय झालं ते विचारलं.

काल दुपारी कॉम्बी आपोआप बंद पडला होता. दुरुस्तीवाला शुक्रवारी येणार होता. नुसरेतबेंनी वाकून पाहिलं. पाण्याचा दाब उतरला होता, बस. खालची छोटी तोटी फिरवून पाणी भरायचं, इतकंच काम. पण तोटी घट्ट होती आणि बाईंची बोटं संधिवाताने वाकलेली. नुसरेतबेंनी अर्धा वळसा दिला, काटा वर चढला, कॉम्बी धापा टाकत पेटला. अर्ध्या वळशासाठी म्हातारी रात्रभर कुडकुडत बसली होती आणि आपण तिच्यावर चरफडत होतो. नुसरेतबेंना स्वतःची लाज वाटली.

"पाचवर ठेवू का?" त्यांनी ऊब कमीजास्त करायच्या बटणाला हात लावत विचारलं.

"मला तीन पुरतं. तुमची बायको गेल्यापासून पाचवर ठेवत होते, एकट्या माणसाचे पाय गार पडतात म्हणून. मांडणी फेकलीत तेव्हा चारवर आणलं."



त्यांनी बटण तीनवर ठेवलं आणि वर जाऊन स्वतःचा कॉम्बी उघडला. पाणी भरलं, पेटवला आणि बटण पाचवर ठेवलं. जळक्या धुळीचा वास सुटला, रेडिएटर गुरगुरले. मग तळघरातून मांडणी आणून, पुसून, बाईंच्या दाराशी ठेवली आणि चार वाजता बाईंनाही वर बोलावलं.

नेस्लिहानने आधी फरशीला हात लावला, मगच बूट काढले. बेहियेबाईंनी पहिल्या भेटीच्या रीतीप्रमाणे बाळाच्या दुपट्यात अंडं ठेवलं आणि त्याचे मोजे काढून टाकले. उघडे पाय हलवत बाळ झोपी गेलं. लेक रात्री राहते म्हणाली.

इतक्यात वर खिडकी उघडल्याचा आवाज आला. बाहेर उणे वीस, आणि फेरहातला उकडत होतं.

कॉम्बी कमी करायला नुसरेतबेंचा हात बटणाकडे गेला. सकाळचा जिन्यातला त्या मेल्या फेरहातचा कोट त्यांना आठवला, कानटोपी आठवली. मनातल्या मनात त्याला एक ठेवणीतली शिवी हासडून त्यांनी बटण पाचवरच राहू दिलं.