बांगड्यांचा खोका आणि खारीची शेपटी

मी एक जुना थर्माकोलचा खोका आहे. एके काळी पांढराशुभ्र होतो, आता पिवळट पडलो आहे. माझा एक कोपरा कोंबडीने टोचून टोचून खाल्ला आहे. मला अजूनही मासळीचा वास येतो असं लोक म्हणतात. मला स्वतःला तो कधीच जाणवला नाही, मित्रांनो. आपला वास आपल्याला कुठे येतो?

एका कारखान्यात बारीक दाणे वाफेवर फुलवून, साच्यात दाबून मला घडवलं. तिथून मी बँकॉकजवळच्या मे क्लाँग गावच्या मासळीबाजारात आलो आणि लमाईमावशीच्या हाती लागलो. मावशी बांगडे विकायची. आमच्याकडचा बांगडा लांब आणि वाफवायची बांबूची टोपली लहान, म्हणून टोपलीत बसवताना त्याची मान मोडावी लागते. मावशीचा अंगठा इतका सरावलेला की बोलता बोलता ती शेकडो माना मोडायची. माझं काम एकच, बाहेरचं ऊन आत येऊ द्यायचं नाही. "या खोक्यातला बर्फ जावयासारखा आहे, लवकर जायचं नाव घेत नाही," असं ती शेजारणींना सांगायची. त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं काढली.

मग तिच्या नवऱ्याला, थाँगदीकाकांना, घशाचा आजार झाला. काका होडीच्या इंजिनांचे मिस्त्री. उपचार झाले, आजार हटला असं डॉक्टर म्हणाले, पण काकांची अन्नावरची वासनाच उडाली. दोन घास भात खायचे आणि ताट सरकवायचे. दिवसभर अंगणात जाळीच्या झुल्यात पडून राहायचे. मावशीने दुकान बंद केलं. मी परसात पडलो आणि माझ्यात कोंबडी अंडी घालू लागली. रिकामं राहण्यापेक्षा ते बरं, अशी मी मनाची समजूत घातली.

त्याच सुमारास आमच्या देशात नोंदणी करून घरी गांजा लावायला परवानगी मिळाली. तुमच्याकडे ती नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे मात्र जुनी माणसं त्याची दोन-चार पानं कालवणात टाकायची, तोंडाला चव यावी म्हणून. काका एकदा झुल्यातून म्हणाले, "माझा बाप कोंबडीच्या रश्शात ती पानं टाकायचा. तसा रस्सा मिळाला तर बघेन खाऊन." किती महिन्यांनी त्या माणसाने खाण्याचं नाव काढलं होतं! मावशीने ईशान्येकडच्या भावाकडून गावठी बी मागवलं. त्या जातीला खारीची शेपटी म्हणतात, कारण तिचा तुरा तसाच झुपकेदार असतो.

त्यांची मुलगी बँकॉकची नोकरी सोडून घरी आली होती. तिचं घरातलं नाव कुंग, म्हणजे कोळंबी. तिने मला परसातून उचललं, घासून धुतलं आणि झाकणाला चार भोकं पाडली. आत खताचं पाणी भरलं, माशांच्या टाकीतला हवेचा पंप सोडला आणि भोकांत जाळीच्या वाट्या बसवल्या. मातीचं नावसुद्धा नाही. एका वाटीत खारीची शेपटी, दोन वाट्यांत तिने आणलेल्या दोन विलायती जाती. एक बुटकी, काळपट पानांची, दुसरी लिंबाच्या वासाची. त्यांची फुलं विकून गावातच राहायचं, बँकॉकला परत जायचं नाही, असं तिच्या मनात होतं. चौथं भोक रिकामं बघून मावशीने त्यात तुळस खोचली. मी पुन्हा कामाला लागलो, आणि काम तेच होतं. ऊन आत येऊ द्यायचं नाही, पाणी गार ठेवायचं.

पण पाणी एक आणि पिणारे चार. खारीची शेपटी उंच वाढणारी, विलायती रोपं तिच्या सावलीत. कुंगने तिचा शेंडा वाकवून दोरीने बांधला. मावशी आली आणि तिने दोरी सोडून टाकली.

"आजारी माणसाचं झाड आहे ते. बांधून ठेवतेस?"

"आई, जन्मभर बांगड्यांच्या माना मोडल्यास, आणि एक फांदी वाकवली तर रडतेस?"

"बांगडा मेलेला असतो," मावशी म्हणाली.

मावशीच्या मनात ते झाड आणि काका एकच झाले होते, हे मला तेव्हा कळलं. कुंगला ते बरंच उशिरा कळलं.

विलायती रोपांना तेज खत लागतं, म्हणून कुंगने खत वाढवलं. गावठी रोपाला ते सोसेना. त्याच्या पानांची टोकं करपली. आमच्याकडे जागेच्या राखणदाराला लाल सरबताचा पेला ठेवतात. मावशीने तो माझ्या शेजारी ठेवला, हात जोडले. सकाळी मुंग्यांची रांग लागली. कुंगने पेला फेकून दिला.

"इथे गोड काही ठेवू नकोस! मुंग्या आत शिरतील."

मावशीने ऐकलं, हो, अगदी शब्दशः ऐकलं. बाहेर ठेवायचं नाही ना? मग तिने झाकण उचललं आणि पेला माझ्या पोटात ओतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मला ओरडावंसं वाटत होतं. पण खोक्याला तोंड असतं, आवाज नसतो.

पाण्यावर फेस आला. आंबूस वास सुटला. पांढरी मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली. कुंगने झाकण उघडलं आणि नाकाला हात लावला.

"आई, यात काय ओतलंस?"

"राखणदाराला दिलं. पेलाभर."

"हे माझं सगळं होतं गं! आणि बाबांचंही!"

"तू बाटल्या बाटल्या खत ओततेस ते चालतं," मावशी म्हणाली, "मी काय करू मग? नुसती बघत बसू?"

झुल्यातून काकांचा घोगरा आवाज आला. "काय झालं?"

"तुमच्या झाडाला आईने लाल सरबत पाजलं."

मग झुला हलू लागला. काका हसत होते. हसताना घसा दुखत होता, एका हाताने तो धरून ते हसत होते. "मला साखर बंद," ते म्हणाले, "आणि झाडाची चंगळ!"

मावशीने तोंडावर हात धरला. कुंग चिडलेलीच होती, पण तिचेही ओठ हलले.

मग ती कामाला लागली. घाण पाणी ओतलं, मला आतून घासलं, मुळं धुतली, सडलेली कापली. नवीन पाणी भरताना तिचा हात खताच्या बाटलीवर थांबला. तेज की पातळ? तेज केलं तर तिची दोन रोपं कदाचित तगली असती. खारीची शेपटी नक्की गेली असती. तिने झुल्याकडे पाहिलं, आणि बाटलीचं बूच लावून टाकलं. पाण्यात जेमतेम चमचाभर खत घातलं. आपली दोन्ही रोपं तिने उपटून मातीच्या बादल्यांत लावली. लिंबाच्या वासाचं वाळलं, बुटकं बुटकंच राहिलं. पुढे मावशीने दुकान पुन्हा उघडलं आणि कुंग तिच्याबरोबर बाजारात बसू लागली. बांगड्याची मान मोडायला ती अजून शिकते आहे.

माझ्या पाण्यात पुन्हा पांढरी मुळं फुटली. पानं खुडण्याजोगी झाली, त्या दिवशी बाजारातून कोंबडी आणली. माझा कोपरा खाणारी मात्र अजून अंगणात हिंडते. काकांनी वाडगा हातात घेतला. एक घोट, मग दुसरा.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

मावशी माशाचं खारं पाणी आणायला आत गेली ती कितीतरी वेळ बाहेर आलीच नाही. तोवर काकांनी वाडगा अळणीच संपवला होता.

काका पुरते बरे झाले का, ते मला सांगता येणार नाही. त्यांचा झुला रोज संध्याकाळी त्यांच्या वजनाने वाकतो, एवढं मला इथून दिसतं.

मित्रांनो, मी आता पाझरू लागलो आहे. मला कधी टाकायची वेळ आलीच तर जाळू नका, कालव्यात सोडू नका, मी कुजत नाही. आणखी एक मागणं आहे. माझ्या भिंती ऊन अडवतात, पण वरून मायेने ओतलेलं मला अडवता येत नाही. म्हणून ओतण्याआधी एकमेकांना विचारा, आणि दुसऱ्याचा पेला फेकण्याआधीही विचारा.

रश्शाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुंग लाल सरबताचा पेला घेऊन आली. बशीत पाणी घातलं, मधोमध पेला ठेवला आणि ती बशी माझ्या शेजारी मांडली. मुंग्या आल्या, पाण्याच्या काठावर थांबल्या आणि परत गेल्या. मावशी दारातून बघत होती. तिने तिथूनच हात जोडले.