यंत्राची कबुली

मास्तरणीनं आपलं उत्तर पुन्हा एकदा वाचलं आणि वर एक गोडगोड वाक्य चिकटवलं: 'आपण हा महत्त्वाचा प्रश्न विचारलात, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे.' लेकरू तापानं फणफणलेलं असताना कुणाला आनंद झाला याच्याशी आईला काय घेणंदेणं? पण ते वाक्य नसतं, तर उत्तर माणसानं लिहिलंय हे कुणाच्याही लक्षात आलं असतं.

सगळ्यांच्या चुका काढते म्हणून ऑफिसात तिचं नाव मास्तरीण पडलं होतं. कुठलं औषध किती घ्यायचं, असे प्रश्न लोक तिथे दिवसभर पाठवत. उत्तरं यंत्रानं लिहायची आणि मास्तरणीनं नजर टाकून पुढे ढकलायची, अशी पद्धत साहेबांनी पाडली होती. पहिल्याच आठवड्यात यंत्रानं एका आईला थेंबांचं औषध चमच्यानं पाजायला सांगितलं, तेही अशा रुबाबात की मास्तरणीला दरदरून घाम फुटला. साहेबांना सांगितलं, तर "शिकतंय अजून. तुम्ही काय आईच्या पोटातून शिकून आलात?" म्हणून त्यांनी उडवून लावलं. तेव्हापासून ती यंत्राची उत्तरं पुसून स्वतःच लिहीत होती. कौतुक यंत्राचं होई, तिची नोकरी टिकून राही, आणि रात्री झोप लागे.

आज साहेबांनी सगळ्यांना उभं करून जाहीर केलं, की यंत्र आता तरबेज झालंय. सोमवारी पैसे गुंतवणारे पाहुणे येतील, त्या दिवसापासून मधे माणसाची लुडबूड नको. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरणीनंही वाजवल्या.

दुपारी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, ती उत्तरं यंत्राची नाहीत. मी लिहिलीत."

"सगळी?" साहेब हसले.

"सगळी. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले. पण ते एकटं सोडलंत, तर एखादं मूल दगावेल."

"बसा, बसा. आपण त्यालाच विचारू."

साहेबांनी तिचं एक उत्तर यंत्रापुढे टाकलं आणि खाली टाइप केलं, हे तूच लिहिलंस ना? पापणी लवायच्या आत जबाब आला: होय, हे मीच लिहिलं आहे. अशी मदत करताना मला नेहमीच समाधान वाटतं.

साहेबांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. "घ्या. आता काय म्हणणं आहे?"

मास्तरणीनं तो जबाब पुन्हा वाचला. सकाळी सूर्य तूच वर आणलास ना, असं कुणी विचारलं असतं, तरी त्यानं असंच हो म्हटलं असतं. आणि साहेबांनी तेही छापून भिंतीवर लावलं असतं.

"तुम्ही दमलाय, बाई," साहेब मायेनं म्हणाले. "चार दिवस रजा घ्या."

ती उठली, तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. पलीकडे त्यांची बायको रडकुंडीला आली होती. धाकटीला ताप चढला होता, डॉक्टर फोन उचलत नव्हते, आणि हातात बाटली असून किती द्यायचं ते कळत नव्हतं.

"थांब, सांगतो."

यंत्र समोर उघडंच होतं. साहेबांची बोटं कीबोर्डवर गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी फोनवर तळहात दाबला.

"बाई, किती द्यायचं असतं हो?"

मास्तरणीनं मुलीचं वजन विचारलं, बाटलीवर काय छापलंय ते अक्षर न् अक्षर वाचून घेतलं आणि मग सावकाश सांगितलं. साहेबांनी तिचं बोलणं जसंच्या तसं फोनवर सांगितलं, दोनदा. मग त्यांनी फोन ठेवला. आता तरी यांना उमगेल, असं तिला वाटलं.

"मी तुम्हाला विचारलं, ते बाहेर कुठे बोलू नका," तिच्याकडे न बघता ते म्हणाले.

"आणि सोमवारी?"

साहेबांनी स्क्रीन पुन्हा आपल्याकडे वळवून घेतला.

"पाहुणे येतायत ना, बाई."

त्यांचा आवाज इतका घाबरलेला होता, की पुढे काही विचारायचं तिला धाडस झालं नाही.