आतल्या खिशातली जोडी

बर्फाखाली, एका बुडालेल्या माणसाच्या कोटाच्या आतल्या खिशात मी सात आठवडे पडून होते. तिथल्या काळोखात मी पाण्यावरच्या माणसांना सांभाळणाऱ्या संत निकोलाला एक नवस बोलले होते. ‘देवमाणसा, पुन्हा उजेड दाखवलास तर जो ऐकेल त्याला सगळं सांगेन. माझं चुकलं तेही लपवणार नाही.’ उजेड दिसला. म्हणून बोलतेय.

मी आऱ्यांची जोडी. वीतभर लांबीच्या दोन लाकडी मुठी, प्रत्येकीत एक अणकुचीदार खिळा, आणि दोघींना बांधणारी हातभर दोरी. कामाला लागेपर्यंत माझी दोन टोकं एकमेकींच्या मुठीतल्या भोकांत तोंड खुपसून झोपतात, म्हणजे कुणाला टोचत नाहीत. बर्फ फुटून माणूस पाण्यात पडला, तर त्यानं मुठी ओढायच्या, टोकं बर्फात रोवायची आणि एकेक हात पुढं टाकत पोटावर सरपटत वर यायचं. एवढंच माझं काम.

मला उस्तिन्यानं घडवलं. दूर उत्तरेकडच्या आमच्या गावात एक सरळ रस्ता आहे. एका बाजूला कांद्याचे वाफे, दुसऱ्या बाजूला सरोवर. हिवाळ्यात पुरुष बर्फात भोकं पाडून मासे धरतात. उस्तिन्याचा धाकटा भाऊ मार्त्यान असाच गेला आणि बुडाला. त्याला आंघोळ घालताना तिनं त्याची बोटं पाहिली. दहापैकी एकाही बोटाला नख राहिलं नव्हतं. गुळगुळीत बर्फ त्यानं किती वेळ ओरबाडला असेल, ते ती बोटं सांगत होती.

त्या दिवसापासून तिनं व्रत धरलं. नवरा साव्वाती सरोवरावर असेल तोवर चहात साखरेचा खडा घ्यायचा नाही. आणि भावाच्या होडीचं वल्हं कापून तिनं दोन जोड्या केल्या. एक मी, साव्वातीसाठी. दुसरी शेजारच्या किप्रियानसाठी. त्याच्या लेकीची ती धर्ममाता, म्हणून तो तिला ‘कुमा’ म्हणायचा. खिळे तिनं स्वतः कानशीनं घासले आणि तीन संध्याकाळी मला निकोलाच्या तसबिरीसमोर ठेवलं.

“कुमा, ही माळ कशाला?” किप्रियान हसला. “वर्षातून चार मासे मिळतात. त्यांच्यासाठी एवढं नटून जाऊ?”

“नट की. चारचे पाच येतील.”

“बायको विचारेल, दागिने कुणी दिले.”

“सांग, कुमानं दिले. आणि बुडालास तर तिला तोंड दाखवायला मला लावू नकोस.”

तो हसत घरी गेला आणि माझी बहीण त्यानं भिंतीवर खिळ्याला लटकवली. तिच्यावर तो हातमोजे वाळवायचा.

साव्वाती मात्र गुणी माणूस. सकाळी निघताना उस्तिन्या त्याच्या लोकरी नमद्याच्या बुटांत मोहरीची पूड टाकायची, गालांना बदकाची चरबी चोळायची, कांद्याचा गरम पाव कागदात गुंडाळून त्याच्या छातीशी खोचायची. मग मला त्याच्या गळ्यात, कोटावरून घालायची. “पडलास तर आला होतास त्याच बाजूला तोंड फिरव,” ती रोज बजावायची. “तिकडच्या बर्फानं तुला तिथवर पेललेलं असतं.”

“रोज तेच सांगतेस.”

“रोज जातोस म्हणून.”

एका शनिवारी साव्वातीला उशीर झाला. तो सरोवरावरून तसाच संध्याकाळच्या प्रार्थनेला आला, मी गळ्यात लोंबतेय. प्रार्थना सांगणारे झिनोवी बाबा दारात उभे होते. त्यांनी मला पाहिलं.

“काय रे साव्वाती, गळ्यातला क्रूस पुरेना वाटतं? खिळेही लागतात?”

दोघं-तिघं हसले. बाबाही हसले आणि आत गेले. साव्वातीचे कान लाल झाले. त्या रात्रीच्या प्रत्येक नमस्काराला त्याचा एक हात माझ्यावर झाकलेला होता.

सोमवारपासून त्यानं एक रीत पाडली. घरी उस्तिन्यापुढं मान वाकवायची, मला घालून घ्यायचं. सरोवराकाठचं शेवटचं न्हाणीघर ओलांडलं की थांबायचं, कोटाची बटणं सोडायची, मला काढून आतल्या खिशात ठेवायचं आणि बटणं परत लावायची. बायकोचा शब्द राहिला, क्रूसाचा मानही राहिला. त्याच्या मनाला शांत वाटायचं.

आता माझं चुकलं ते सांगते. मला तो खिसा आवडायचा. बाहेर वारा चावत असे, दोरी कडक होऊन जाई. आत ऊब होती. कांद्याच्या पावाचा वास होता. त्याचं हृदय मुठीशी धडधडायचं. मी स्वतःशी म्हणायची, आहे ना मी जवळ, आणखी काय हवं? कोट जुना झाला तेव्हा उस्तिन्यानं नवी मोठी बटणं लावली आणि काजं मुद्दाम घट्ट शिवली, वारा शिरू नये म्हणून. तेव्हाही मला बरंच वाटलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, दोघे परतत होते. किप्रियानची गाडी होती, ट्रॅक्टरच्या ट्यूबांवर चालणारी, घरीच जोडलेली. पश्चिमेचा वारा सकाळपासून वाहत होता. सकाळी ओलांडलेली भेग आता बर्फाच्या भुग्यानं झाकली गेली होती. साव्वाती उतरला आणि लोखंडी टोकाच्या काठीनं ठोकत पुढं निघाला.

“इथं धरतंय,” तो म्हणाला. “इथंही धर—”

पाणी कोटात शिरायला वेळ लागला नाही. तो ओरडला नाही. उस्तिन्यानं सांगितलं होतं तसा वळला, आल्या बाजूला. दोन्ही हात काठावर टाकले. ओले हातमोजे घसरले. पुन्हा टाकले. पुन्हा घसरले.

“आऱ्या!” किप्रियान पोटावर पडून फळी पुढं ढकलत ओरडला. “अरे आऱ्या काढ! कुठायत?”

साव्वातीचा हात सवयीनं गळ्याशी गेला. तिथं मी नव्हते.

“आत,” तो म्हणाला. “आतल्या खिशात.”

“बटणं तोड!”

त्यानं हातमोजा दातांनी ओढून काढला. त्याची बोटं पहिल्या बटणाशी आली. मला ती कापडापलीकडून कळत होती. घट्ट काज, फुगलेलं कापड, आणि बोटांना काहीच लागत नव्हतं. एक बटण सुटलं. दुसऱ्यावर बोटं नुसतीच फिरत राहिली. मी त्याच्या छातीवर होते, त्याच्या तळहातापासून दोन बोटं अंतरावर, आणि मला बाहेर येता येईना.

“कुमा, तुझी जोडी गळ्यात घालायला मला काय जड होतं...” किप्रियान स्वतःच्या गळ्याशी हात नेत रडत पुटपुटला. त्याची जोडी घरी होती, भिंतीवर. फळीखालचा बर्फ कडाडला आणि त्याला मागं सरावं लागलं. पुन्हा वर पाहिलं तेव्हा भोकात फक्त टोपी होती.

पुढच्या सात आठवड्यांत काळोखापलीकडं सांगण्यासारखं काही नाही. तिथंच नवस बोलले.

एप्रिलच्या शेवटी जाळ्यात आम्ही दोघं वर आलो. उस्तिन्यानं कोणाला हात लावू दिला नाही. बटणं तिलाही उघडेनात. शेवटी कांदे कापायच्या सुरीनं तिनं कोट चिरला. खिशात हात घातला आणि मला बाहेर काढलं. टोकं एकमेकींच्या मुठीत तशीच झोपलेली. तिनं एकदा मला पाहिलं, एकदा त्या एकमेव सुटलेल्या बटणाला, मग दुसऱ्या बटणाच्या काजावर अंगठा फिरवला. आपलेच टाके. ती बराच वेळ तो अंगठा उचलेना.

दफनाच्या प्रार्थनेनंतर मला घेऊन ती झिनोवी बाबांसमोर उभी राहिली.

“बाबा, ह्या आतल्या खिशात होत्या. घरून मी कोटावर घालायचे. त्यानं काढून आत का ठेवल्या?”

खाली मान घालून किप्रियान मागं उभा होता. तोच बोलला. “क्रूसाजवळ खिळे नकोत म्हणून. त्या शनिवारपासून. मला सांगितलं होतं त्यानं.”

बाबांचा चेहरा पांढरा पडला. “मी तर... गंमत केली होती, बाई. क्रूस कातडीला, आऱ्या कोटावर. दोघांची गाठ पडतेच कुठं? मला विचारायचं होतं त्यानं.”

“तो तुम्हाला विचारणारा नव्हता, बाबा. तो तुमचं ऐकणारा होता.”

ती मला घेऊन घरी आली.

पुढच्या हिवाळ्यात बर्फावर उतरायच्या पहिल्या दिवशी बाबा आमच्या दारात आले. पंच्याहत्तर वर्षांचे, मासे धरणं कधीच सोडलेले. त्यांनी मला मागून घेतलं, आपल्या काळ्या कोटावर घातलं आणि काठी टेकत काठापर्यंत गेले. पुरुष निघायच्या तयारीत होते. बाबा त्यांच्या वाटेवर थांबले. शेवटची गाडी जाईपर्यंत मला सगळ्यांना दिसेन अशी गळ्यात घेऊन उभे राहिले. संध्याकाळी तीन घरांतून उस्तिन्याकडे निरोप आला, आम्हालाही करून दे. वल्ह्याचं लाकूड संपलं होतं. तिनं मार्त्यानची उरलेली होडी फोडली.

मी आता तिच्या दारामागे, हात सहज पोचेल अशा खिळ्यावर असते. माझी टोकं गंजतात, ती दर शनिवारी घासते. भिंतीवरच्या माझ्या बहिणीला हात लावायला किप्रियान धजत नाही, म्हणून हिवाळ्यात तो रोज सकाळी इथं येतो. ती स्वतः मला त्याच्या कोटावर घालते आणि दार अडवून उभी राहते.

“ओढून दाखव.”

“कुमा, कालच तर—”

“हातमोजे घालून. तीनदा.”

तो हातमोजे घालून तीनदा ओढतो. मग ती बाजूला होते आणि साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवते. तो परत येऊन मला खिळ्यावर लावीपर्यंत डबा खाली येत नाही. आजवर रोज संध्याकाळी खाली आला आहे.

माझा नवस फिटत आला. तुमच्याकडचं पाणी गोठतं की नाही, मला ठाऊक नाही. पण तुमच्याही घरातून कोणीतरी पाण्यावर, रानात जात असेल, आणि त्याला वाचवणारी एखादी वस्तू कुठंतरी उबेत, घडी करून ठेवलेली असेल. तुम्हीही एवढंच व्रत धरा. उद्या सकाळी दारात उभे राहा. ती वस्तू त्याच्या कोटावर आहे का बघा, आणि हातमोजे घातलेल्या हातांनी त्यानं ती तीनदा ओढून दाखवल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देऊ नका.