आनंदीबाईंच्या मेंदूतली मी

मित्रांनो, मी एक जुनी रक्तवाहिनी आहे. नाक मुरडू नका! केसाहून बारीक असले तरी अंजूरच्या आनंदीबाईंच्या मेंदूत माझं घर आहे, आणि त्यांनी ऐकलेलं, गायलेलं सगळं मला कळतं.

आनंदीबाई म्हणजे आमच्या भागातल्या नावाजलेल्या धवलारीण, लग्नात धवले गाऊन विधी करणाऱ्या. सगळी गाणी तोंडपाठ! त्या गायला बसल्या की मीही जोरात कामाला लागे. तेव्हा मी रबरासारखी लवचीक होते. रक्त आलं की फुगायचं आणि पुढे पाठवायचं. काय दिवस होते ते!

मग बाईंचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी रोज गोळी सांगितली, पण बाई डोकं दुखेल त्याच दिवशी ती घेत. "बरी हाय ना मी, मंग कशाला खाऊ?" असं म्हणत सुकटीवर वरून मीठ भुरभुरत. मला इतका राग यायचा! बीपी मुकाट्याने वाढतं, ते डोकं दुखायची वाट बघत नाही. दाब सोसून माझ्या भिंती कडक झाल्या आणि शेजारच्या काही जणी तर बंदच पडल्या.

एका हळदीत बाई गाता गाता मध्येच थांबल्या. पुढची ओळ आठवेना. "वय झालं, चालायचंच," बायका म्हणाल्या. नात रंजिताला ते पटलं नाही. मानकोलीच्या गोदामात कामाला जाणाऱ्या या पोरीचं लग्न ठरलं होतं, आणि धवले आजीनेच गावेत हा तिचा हट्ट होता. सुट्टी टाकून ती आजीला भिवंडीला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

तपासण्या पाहून डॉक्टर म्हणाले, "आजी, मेंदूतल्या बारीक नसा खराब झाल्यात. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. पण बीपी ताब्यात ठेवलं तर उरलेलं सांभाळता येईल."

"माझं धवले जानार न्हाय ना?" बाईंनी लगेच विचारलं. मीही घाबरले.

"गोळी चुकवायची न्हाय," रंजिता म्हणाली. "आनि रोज संध्याकाळी माझ्यासंग चालायचं, चालता चालता गायचं."

दोघींची खाडीकडे फेरी सुरू झाली. मीठही बेताचं झालं. माझ्यावरचा दाब उतरला. किती हायसं वाटलं म्हणून सांगू!

आणि लग्नाचा दिवस उजाडला! बाईंनी खणखणीत आवाजात धवले सुरू केले. मी आनंदाने नुसती उसळत होते, अर्थात वयाचं भान ठेवून! इतक्यात बाई अडल्या. मी धडपडले, पण ती ओळ काही सापडेना.

तेवढ्यात मुंडावळ्यांआडून नवरीचाच आवाज आला. रोज ऐकून रंजिताला धवले पाठ झाले होते. तिने ओळ उचलली.

"नवरी गाते का कुठं?" कुणीतरी हसलं.

"गाऊ दे तिला," आनंदीबाई म्हणाल्या, आणि पुढची ओळ त्यांनी धरली.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना आज बीपीची गोळी घेतली का, एवढं विचारा. आम्ही दुखत नाही, ओरडत नाही. आमच्या वतीने तुम्हीच ओरडा!