गोपीनाथच्या बाटल्या

मालूने शेजारच्या ओट्यावरची पांढरी बाटली दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली, तेवढ्यात प्रमोदिनी साबणाच्या हातांनीच धावली आणि तिने ती हिसकावून घेतली. तीन वर्षांच्या पोरीने भोकाड पसरलं. अंगणात सुके बोंबील उलटे-पालटे करत बसलेल्या सासूने, मनुबाईने, मान वर न करताच टोला दिला.

"पानीच पितंय ना पोर. दारू तं नाय पीत."

पाणीच होतं, पण बाटली कंपनीची होती.

कोलशेतच्या त्या आळीत नळाला पाणी यायचं तासभर, आणि तेही बोटाएवढ्या धारेने. प्रमोदिनीचा धाकटा दीर गोपीनाथ खाडीकडच्या एका केमिकल कंपनीत माल चढवायला होता. तिथे रिकाम्या होणाऱ्या पाच-पाच लिटरच्या बाटल्या तो घरी आणायचा, लेबलं काथ्याने खरवडायचा, धुण्याच्या सोड्याने चार पाण्यांतून काढायचा आणि आळीत वाटायचा. पाहता पाहता घरोघरी त्यांच्या रांगा लागल्या. माणसं त्या होडीवर न्यायची, पोरं त्यांतूनच प्यायची. गोपीनाथला आळीत मान मिळाला तो याच बाटल्यांमुळे.

प्रमोदिनी कल्याणच्या कोळीवाड्यातली, तिथली पहिली बी.एस्सी. झालेली मुलगी. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने दिराला विचारलं होतं, की या बाटल्यांत आधी काय असायचं. तो म्हणाला होता, पांढरं काहीतरी. मग हसून म्हणाला, "औषधाला लागतं ते, वहिनी. म्हंजे आपल्याला औषध फुकट." तेव्हापासून तिने स्वतःसाठी आणि मालू झाल्यावर मालूसाठी मातीचा माठ वेगळा ठेवला. आळीतल्या बायका त्याला 'कालेजचा माठ' म्हणत. नवरा देवराम मधे पडत नसे. आईचंही बरोबर आणि तुझंही, असं म्हणून तो जाळं खांद्यावर टाकी.

पण आता प्रश्न माठाने सुटणारा नव्हता. नणंदेची, रंभाची, हळद शनिवारी होती. गोपीनाथने जाहीर केलं होतं, की कोकमाचं सरबत आदल्या दिवशीच करून शंभर बाटल्यांत भरायचं आणि मांडवाच्या कडेने रचून ठेवायचं. मे महिना, डोक्यावर ऊन, आत आंबट सरबत. आंबट आणि ऊन मिळून त्या प्लास्टिकमध्ये मुरलेलं काय काय बाहेर ओढतील, हा विचार प्रमोदिनीच्या डोक्यातून जाईना. मांडवभर पोरं पिणार, आणि त्यांच्यात मालू. किती वेळा धावून हिसकावणार?

तिने सगळ्यांसमोर विषय काढला आणि तिथेच चुकली. केमिकल, विष, आजार असं ती भराभरा बोलत गेली. गोपीनाथचं तोंड उतरलं. त्या कंपनीच्या पगारावर घराचं छप्पर पत्र्याचं कौलांचं झालं होतं. मनुबाईने एक बाटली उघडून नाकाला लावली. मनुबाईचं नाक म्हणजे बाजारात प्रमाण. कल्ल्याला बोट न लावता ती मासळी कधीची ते सांगायची.

"मना कसला वास नाय येत," ती म्हणाली. विषय संपला.

प्रमोदिनी माजघरात जाऊन बसली. खोटं बोलत नव्हती सासू. मागच्या दिवाळीत आपण माहेरून आलो तेव्हा दारातच बाटल्यांचा वास आपल्या नाकात शिरला होता, हे तिला आठवलं. गोडसर, डोक्यात जाणारा. आणि आठवड्याभरात तो आपल्यालाही येईनासा झाला होता. वासापेक्षा त्याचीच तिला जास्त भीती वाटली होती. परका माणूस आळीत आला की नाकाला रुमाल लावतो; आळीतला माणूस विचारतो, कसला वास?

मग तिने तो विषय पुन्हा काढला नाही. मनुबाई लग्नाची अक्षत घेऊन अर्नाळ्याला माहेरी निघाली, तेव्हा सुनेने आग्रहच केला, की भावाकडे चार दिवस राहून या, इकडचं मी बघते. मनुबाईला संशय आला, पण अर्नाळ्याच्या विहिरीच्या गोड पाण्याचं नाव निघाल्यावर तिने पिशवीत दुसरं लुगडं टाकलं.

पाचव्या दिवशी दुपारी ती परतली. ओट्यावर टेकली, पदराने वारा घेत पाणी मागितलं. प्रमोदिनी माठाकडे वळली नाही. उन्हात ठेवलेली बाटली तिने उचलली, तांब्या भरला आणि सासूच्या हातात दिला.

मनुबाईने घोट घेतला. तो तोंडातच राहिला. ती उठली, मोरीपाशी गेली, थुंकली, चूळ भरायला पुन्हा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"कुठलं पानी ह्ये?"

"आपलंच, आई. रोजचंच. तुम्ही चार दिवस नव्हता, एवढंच."

बाटलीच्या तोंडाला नाक लावून मनुबाईने डोळे मिटले. मग रांगेतली दुसरी उघडली, तिसरी उघडली. टोपलीतली मासळी पारखावी तशी एकेक. तिथून ती शेजारच्या ओट्यावर गेली, तिथून पुढच्या. दिवेलागणीपर्यंत आळीभर बोभाटा झाला, की मनुबाई घरोघर बाटल्या हुंगत फिरते.

गोपीनाथ कामावरून आला तो बिथरलाच. सोड्याने धुतो, चार पाण्यांतून काढतो, आजवर कोण मेलं का, असं तो बोलत राहिला. मनुबाईने सगळं ऐकून घेतलं.

"सुक्याच्या टोपलीत तू देवाची फुलं ठेवशील?" तिने विचारलं. "शंभर वेळा धुतली तरी?"

आळीत सुक्या मासळीची टोपली दुसऱ्या कशालाच वापरत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गोपीनाथ खाली बसला. प्रमोदिनीने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि हळूच सांगितलं, की भाऊजी, बाटल्या वाया नाही जायच्या, तुमच्या दादाला जाळं तरंगत ठेवायला बोये हवेच आहेत.

शुक्रवारी आळीतल्या माळ्यांवरून तांब्याचे हंडे खाली आले. पण आंबट सरबत तांब्याला चालत नाही, असं प्रमोदिनीने सांगताच कुणी 'कालेज' म्हणालं नाही. हंड्यांत साधं पाणी भरलं, सरबताला नवे माठ आले. शनिवारी बेंजो वाजू लागला, रंभाला हळद लागली, आणि पोरं पेले घेऊन माठांभोवती लोटली. मनुबाईने माठावर आडवा हात धरला.

"पयला पेला माझ्या सुनंला. ती हो बोलली, का मग बाकीच्यांना."

प्रमोदिनी सगळ्यांसमोर प्यायली. तिला चव कळलीच नाही. तिने मान हलवली, आणि पोरांनी एकच गलका केला. त्यात मालूचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

पुढे खाडीत देवरामच्या जाळ्यावर बुचं घट्ट लावलेल्या पांढऱ्या बाटल्यांची माळ तरंगू लागली. तिच्याकडे बोट दाखवून मालू सांगायची, काकाच्या बाटल्या.

सहा-सात वर्षांनी टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाच्या रांगेत मनुबाईला तहान लागली. गोपीनाथ गर्दीतून वाट काढत गेला आणि विकतच्या पाण्याची बाटली घेऊन आला. तेव्हा ती नवलाईची गोष्ट होती. मालूने सांगितलं, की आजी, सील आहे, बिनधास्त पी.

मनुबाईचं नाक आता पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. तिने बाटली हातात फिरवली, उघडली, पण तोंडाला लावली नाही. रांग पुढे सरकली तरी ती तिथेच उभी राहिली आणि बाटली सुनेपुढे धरली.

"तू बघ गो आधी."